भरतीचा पाढा

समुद्र शिकवायचा म्हटलं की प्राथमिक शाळेच्या फळ्यावर देवमासा, डॉल्फिन आणि प्रवाळ येतात. पनवेलच्या मुलांचा समुद्र मात्र गाढी नदीच्या मुखाशी, खाडीच्या काळ्या चिखलात आहे. सागरी जीवनाचा पहिला धडा तिथेच सुरू व्हायला हवा. जे बघता येतं, मोजता येतं, त्यावरच लहान मूल प्रश्न विचारतं.

कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. चौथीच्या मुलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ही वेळ काढावी आणि काठावर उभं राहून ताडून बघावी. पाणी खाडीत आतवर पोचायला वेळ घेतं, म्हणून उत्तर थोडं चुकेल. ते का चुकलं, असं मुलाने विचारलं की विज्ञान सुरू झालं.

ओहोटीला चिखलावर निवट्या दिसतात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत हा मासा पुढच्या परांवर सरकत चालतो. शेजारी तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली असतात. त्याचं पान चाटलं तर खारट लागतं. रायगडकरांचा आवडता जिताडा आधी नर असतो, वाढत्या वयात मादी होतो. 2023 साली पापलेट राज्यमासा झाला, हे पाठ करून घेणं सोपं आहे. पण निवटीच्या बिळापाशी दहा मिनिटं थांबलेलं मूल जास्त शिकतं.

हे शिकवण्यासाठी सगळ्यात जाणती माणसं गावातच आहेत. चिंबोरीचं बीळ कोणतं, कोळंबी कधी मिळते, हे आगरी-कोळी आजीला ठाऊक असतं. तिला वर्गात मानाने बोलवावं. तिच्या नातवाला आपल्या घरातलं ज्ञान शाळेत मोलाचं ठरताना दिसेल, आणि खारघर-कामोठ्याच्या इमारतींतल्या मुलांना आपण कुठे राहतो ते कळेल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. खाडीकाठी वर्ग भरवायला त्यांच्या उदाहरणाचं बळ पुरेसं आहे.

मुलांपासून खाडीची दुखणीही लपवू नयेत. तळोज्याच्या कारखान्यांचं सांडपाणी कासाडी नदीत जात आलं, नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. पण दुःखाआधी ओळख हवी. तिवर न बघताच ‘तिवरं वाचवा’ची घोषणा दिलेलं मूल ती दुसऱ्या दिवशी विसरतं. दरवर्षी त्याच काठावर काय दिसलं, काय दिसेनासं झालं, याची नोंद मुलांनी वहीत ठेवावी. एका वर्गाची वही पुढच्या वर्गाला मिळावी. भराव टाकण्याचा निर्णय उद्या त्यांच्यासमोर येईल, तेव्हा खाडीच्या बाजूने बोलायला त्यांच्याकडे स्वतः पाहिलेला पुरावा असेल.