वरचा बुडबुडा खाली का दिसतो?

रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात सोडलेला वायूचा बुडबुडा वर तरंगतो. रुग्णाला मात्र तो खाली हिंदकळताना दिसतो, कारण रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, प्रतिमा उलटी पडते. मग डोळ्यांची साक्ष कितपत मानायची?

प्रश्न जुनाच. बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या ‘विंशतिके’त तिमिर हा डोळ्यांचा विकार झालेल्या माणसाला नसलेले केस दिसतात आणि त्या आधारे बाह्य जगावरच शंका घेतली जाते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, इतकं टोक गाठत नाहीत. इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून आलेलं अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारं, ज्ञान ते प्रत्यक्ष. दोष असेल तर तो शोधा.

वैद्यक याच वाटेनं गेलं. 1970च्या दशकारंभी नेत्रशल्यविशारद रॉबर्ट मॅकेमर यांनी व्हिट्रेक्टॉमीचा पाया घातला. तीत डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात. त्यानंतर भिंगापर्यंत ऑक्सिजन जास्त पोचतो, हे मोतीबिंदूचं एक मुख्य कारण मानलं जातं. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना तो दोनेक वर्षांत होतो. मग पांढरं धोतर चांगल्या डोळ्याला पांढरं, मोतीबिंदूच्या डोळ्याला पिवळट! कृत्रिम भिंग बसवल्यावर हा वाद मिटतो.

सगळेच वाद मिटत नाहीत. मॅक्युलाला, म्हणजे रेटिनाच्या मध्यभागाला, इजा झालेली असेल, तर दाराची चौकट नंतरही वाकडी दिसू शकते. रुग्ण तिच्यावरून हात फिरवतो आणि ती सरळ असल्याचं ओळखतो. चूक अशी पकडता येते, तिथे वसुबंधूचा युक्तिवाद लंगडा पडतो.

मात्र डोळ्यापुढे अचानक पडदा सरकल्यासारखा वाटला, लखलखाट दिसू लागला, तर मोतीबिंदूच असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.