धीर सुटलेला नायक

बदलीच्या गावी संध्याकाळ कशी घालवावी, हा प्रश्न आपणां नोकरदार मंडळींना नवा नाही. बंगळूरच्या जे. पी. नगरात राहावयास आल्यापासून माझ्यापुरता तो ‘रंगशंकरा’ने सोडविला आहे. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या खटपटीने २००४ साली उभे राहिलेले हे नाट्यगृह माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे वेळ झाली की दार लागते. मग उशिरा येणाऱ्याचा हुद्दा कितीही मोठा असो. आपल्यापैकी अनेकांना ही शिस्त प्रथम झोंबते आणि पुढे आवडू लागते.

एका संध्याकाळी खेळ सुटल्यावर कॉफी घेत असताना एक स्नेही म्हणाले, “पूर्वी नायक पाहिला की मान वर होत असे. आता ज्याला पाहून मान खाली जावी, त्यालाच नायक म्हणावयाचे काय?” हे स्नेही हिशेबखात्यातून निवृत्त झालेले आहेत, प्रश्न विचारून ते थांबतात, उत्तराची घाई करीत नाहीत. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. कोणी उदात्त असेल, कोणी विलासी, कोणी उद्धत, कोणी शांत. पण ‘धीर’ हा शब्द चौघांनाही लागलेला आहे. त्या धैर्यामागे एक भरवसा होता. विश्वाला काही एक व्यवस्था आहे, आपल्या कृत्याचा भार शेवटी आपल्या एकट्यावर पडत नाही, तो शाप, वर, दैव आणि धर्म यांत वाटला जातो, हा तो भरवसा. माझ्या मते आधुनिक नायकाची पहिली खूण ही की, त्याचा हा आधार नाहीसा झालेला असतो.

ययातीचीच गोष्ट घ्या. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य येते, थोरले पुत्र ते घेण्याचे नाकारतात, धाकटा पुरू आपले तारुण्य बापाला देतो आणि पुढे राज्याचा धनी होतो. महाभारतात या देवघेवीचा हिशेब पुरा होतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ही कथा कादंबरीत मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भोगामागे धावणारा आजचा माणूस होता. दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कर्नाडांचे कानडी ‘ययाति’ प्रसिद्ध झाले. माथेरानला जन्मलेल्या, पुढे याच बंगळूरला स्थायिक झालेल्या या लेखकाचे वय तेव्हा अवघे बावीस-तेवीस होते. त्याने एक नवे पात्र कथेत आणले: पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा. पुराणाने पुरूचा त्याग पाहिला होता. त्या त्यागाचे मोल आणखी कोणी भरले, हे विचारले नव्हते. चित्रलेखा ते विचारते, आणि उत्तर मिळत नाही असे दिसताच विष घेते. तिच्या प्रेतापाशी ययातीला शापाकडे बोट दाखविता येत नाही. शाप शुक्राचार्यांचा खरा, पण तो मुलाच्या अंगावर ढकलण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. वार्धक्य परत घेणारा तो ययाती मला आधुनिक वाटतो. त्याने पुष्कळ भोगले म्हणून तो आधुनिक ठरत नाही. आपले कृत्य त्याने आपले म्हणून ओळखले, म्हणून ठरतो.

येथे कोणी म्हणेल की आधुनिक नायक म्हणजे सामान्य माणूस. राजे गेले, कारकून आले. १९६३ च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला आणि रित्या हाताने परतलेला, हा त्याचा दाखला म्हणून पुढे करता येईल. पण पांडुरंग मनात राहतो तो सामान्य आहे म्हणून नव्हे. आपल्या फसगतीचा हिशेब देताना तो स्वतःला सवलत देत नाही, म्हणून राहतो. आणि सामान्यपण हेच लक्षण मानले, तर कर्नाडांच्या १९६४ च्या ‘तुघलक’चे काय करावयाचे? तो तर दिल्लीचा सुलतान आहे.

विजय तेंडुलकरांनी हे नाटक मराठीत आणले, आणि मराठी माणसाला ते जवळचे वाटण्यास आणखी एक कारण आहे: सुलतान राजधानी हलवितो ती आपल्या देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस. त्याचे हेतू उदात्त आहेत. त्याला न्याय हवा आहे, हिंदू-मुसलमानांत समता हवी आहे. परंतु राजधानीच्या वाटेवर माणसे मरतात. तांब्याच्या नाण्यांना चांदीचे मोल दिल्यामुळे घरोघर खोटी नाणी पाडली जातात, आणि शेवटी त्याच्या आवडत्या गुलाबबागेत त्या नाण्यांचे ढीग लागतात. त्याच्या प्रत्येक सुधारणेचा फायदा उठविणारा अझीझ नावाचा धोबी अखेर पकडला जातो. पण सुलतान त्याला शिक्षा करू शकत नाही. हा लबाड आपल्याच कायद्यांचे अपत्य आहे, हे त्याला दिसलेले असते. नाटकाच्या अखेरीस, वर्षानुवर्षे झोपेला पारखा झालेला तो माणूस सिंहासनावरच झोपी जातो.

तुघलक आदर्श नाही. तो क्रूर आहे, त्याच्या हातांना रक्त आहे. पण नायक आणि आदर्श हे दोन शब्द आपण आता वेगळे केले पाहिजेत. आदर्शाचे अनुकरण करावयाचे असते. नायकाच्या ठिकाणी स्वतःला उभे करून पाहावयाचे असते. तुघलकाचा धीर सुटला आहे, डोळे मात्र मिटलेले नाहीत. त्याची झोप उडाली आहे ती त्यामुळे.

या ठिकाणी मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दूरच्या एका जिल्ह्यात, रस्त्याच्या कामासाठी चाळीसएक घरांची एक वस्ती हलविण्याच्या कागदावर माझी सही होती. कागद नियमानुसार होता, मोबदलाही ठरला होता. पर्यायी जागा मात्र विहिरीपासून लांब होती, आणि ते मला ठाऊक होते. शेरा मारला असता तर काम दोन-तीन महिने अडले असते, वरिष्ठांची नाराजी ओढवली असती. मी शेरा मारला नाही. वस्तीतला एक म्हातारा कचेरीत आला आणि म्हणाला, “साहेब, हे ठरवलं कुणी?” मी म्हणालो, “वरून आदेश आहे.” तो नमस्कार करून गेला. माझे उत्तर खोटे नव्हते. त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

त्या झोपेची मला आज लाज वाटते. ‘वरून आदेश आहे’ हे आपल्या काळचे दैव आहे. जुन्या नायकाला शाप होता, आपल्याला परिपत्रक आहे. भार वाटून घेण्याची सोय तीच. फक्त तिच्यात देव राहिलेला नाही. आधुनिक नायकाला हे वाक्य उच्चारता येत नाही, निदान स्वतःपाशी तरी नाही. म्हणूनच त्याला पाहताना आपली मान खाली जाते.

माझ्या स्नेह्यांना मी एवढे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी हिशेबखात्याच्या सवयीने विचारले, “त्या लोकांना पाणी पुढे मिळालं का?”

मी कधी चौकशी केली नव्हती.