मुलांचा ‘कां?’ आणि त्यांची उद्यांची भाकर

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांत आमचा मुक्काम असतांना एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन आम्हांकडे आले व म्हणाले, “पाळकसाहेब, ह्याला कांहीं सांगा. पाठ केलेलें सर्व विसरतो आणि दिवसभर ‘हें असें कां, तें तसें कां’ म्हणून डोकें खातो. पुढें ह्याचें व्हावयाचें कसें?” मुलगा खालीं मान घालून पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरीत उभा होता. बापास चिंता होती ती मुलाच्या पोटापाण्याची. आणि ज्या गुणावर उद्यां त्याचें पोट चालावयाचें, नेमकी त्याच गुणाची तक्रार घेऊन ते आले होते. त्या दिवशीं आम्हीं त्यांस जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच पुरतें पटलें नाहीं. म्हणून आज हा विषय वाचकांपुढें थोडा विस्तारानें मांडतों.

आपल्या वाडवडिलांच्या काळीं मुलगा चार बुकें शिकला व त्याचें अक्षर वळणदार झालें म्हणजे कोठें तरी कारकुनीची जागा मिळे. पुढें टंकलेखनाचे वर्ग निघाले. ते शिकलेल्यांची एक पिढी त्यावर जगली. तारमास्तर होणें म्हणजे तर मोठें भाग्य. ती तारसेवाच सरकारनें जुलै २०१३ मध्यें बंद केली. आतां प्रश्न टाकतांच अर्जाचा मसुदा करून देणारें यंत्र खिशांतल्या मोबाईलवर आलें आहे. तेव्हां अमुक एक धंदा शिकवा, म्हणजे मुलाचें आयुष्य सुखांत जाईल, असें छातीवर हात ठेवून कोण सांगूं शकेल? धंदे येतात व जातात. परंतु समोर आलेली अडचण उलगडून पाहण्याची संवय ज्याच्या अंगीं बाणली, तो नव्या धंद्यांतही फार दिवस परका राहत नाहीं.

विचारशक्ति ही थोरामोठ्यांच्या घरचीच ठेव आहे, अशी आमच्या पुष्कळ बांधवांची समजूत आहे. ती खरी नाहीं. ब्राझील देशांत रेसिफे नांवाचें शहर आहे. तेथें रस्त्यावर व बाजारांत माल विकणाऱ्या पांच मुलांची परीक्षा टेरेझिन्हा कारेहर, डेव्हिड कारेहर व अनालुसिया श्लीमन ह्या तिघा संशोधकांनीं घेतली आणि तिची हकीकत १९८५ सालीं प्रसिद्ध केली. मुलें नऊ ते पंधरा वर्षांचीं होतीं. आधीं गिऱ्हाईक बनून त्यांना हिशेब विचारण्यांत आले. एका बारा वर्षांच्या मुलाकडे नारळ होते, एकास ३५ क्रुझेरो हा भाव. ‘दहांचे किती?’ असें विचारतांच त्यानें तिहींचे १०५, आणखी तिहींचे मिळून २१०, असें करीत करीत ३५० हा बरोबर आंकडा सांगितला. दहानें गुणतांना पुढें शून्य द्यावें हा शाळेंतला नियम त्याच्या मनास शिवलाही नाहीं. चार नारळांचे १४० हेंही त्यानें तोंडीं बिनचूक सांगितलें. मग कांहीं दिवसांनीं त्याच मुलापुढें ‘३५ गुणिलें ४’ असें नुसतें उदाहरण ठेविलें. तेव्हां ‘पांच चोक वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पांच, पांच चोक वीस’ असें म्हणत त्यानें उत्तर काढिलें २००!

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. चार नारळांचे २०० मागितले असते तर गिऱ्हाइकानें तेथल्या तेथें आरडाओरडा केला असता, आणि मुलालाही तो आंकडा ऐकून हंसूं आलें असतें. परंतु कागदावर ओरडणारें कोणी नव्हतें. तेथें त्यानें नियमाचें बोट धरलें आणि स्वतःची बुद्धि नारळांच्या टोपलींत ठेवून दिली. त्या पांच मुलांनीं मिळून बाजारांतले हिशेब शेंकडा ९८ बरोबर केले. तसलेच आंकडे उघडें गणित म्हणून आले तेव्हां शेंकडा ३७ च बरोबर आले.

हें दूरदेशचें झालें. परंतु आपल्या देशांत कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची अशीच पाहणी झाली व ती २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतही हेंच दिसलें: तोंडीं हिशेबांत हीं मुलें पटाईत, पण शाळेच्या पद्धतीचें, त्याहून सोपें उदाहरणही त्यांना सुटेना. आणि जवळच्या शाळांतलीं, बाजाराचा अनुभव नसलेलीं ४७१ मुलें पाहिलीं, तों तेथें बरोबर उलट! ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं मुलास शाळेंतून काढून भाजीच्या पाटीपाशीं बसवावें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा जो हक्क १ एप्रिल २०१० पासून कायद्यानें मिळाला आहे, तो कोणाही बापानें हिरावून घेऊं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं नदीच्या दोन्ही तीरांवर शहाणपण आहे. मध्यें पूल नाहीं. तो पूल मास्तरांनीं एकट्यानें बांधावा अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. चुलीपाशीं, बांधावर व रात्रीच्या वर्गांतही त्याचे दगड रचले पाहिजेत.

आम्ही पाठांतराचे शत्रु नाहीं. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असत, आणि त्या जोरावर ते भर बाजारांत व्यापाऱ्यास निरुत्तर करीत. कोठार भरलेलें असावेंच; पण त्याची किल्ली कोठें आहे हेंही धन्यास ठाऊक असावें.

पूल बांधण्याचें हें काम आपल्याच प्रांतांत झालेलें आहे. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि १९५७ च्या सुमारास तें डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तींत नेलें. तेथील मुलें गुरें राखीत. शाळेंत यावयाचीं कशीं? तेव्हां ह्या बाईंनीं शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. विकतचें साहित्य परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून बिया, खडे, शिंपले, पानें, काड्या हेंच साहित्य झालें. मुलानें खडे मोजावे, लहानमोठे निवडावे, पानांत फरक कोणता तो सांगावा. आमच्या प्रचारकबंधूंपैकीं पुष्कळांस वर्गासाठीं फळाही मिळत नाहीं हें आम्ही जाणतों. त्यांनीं कोसबाडचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें.

आतां खरी अडचण. बाप म्हणतो, ‘पोराला विचार करावयास शिकविलें तर तें उद्यां माझ्याच तोंडास लागेल.’ ही भीति अगदींच पोकळ आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. जो मुलगा शेतांत ‘कां?’ विचारील, तो घरांतही विचारील. ‘बाबा, तायडीला सातवीनंतर घरीं कां बसविलें?’ असें तो विचारील. ‘लग्नासाठीं दहा हजार काढले ते तीन टक्क्यांनीं, पण टक्के महिन्याचे कीं वर्षाचे?’ असें विचारील, आणि महिन्याचे असतील तर वर्षाचे ३,६०० रुपये केवळ व्याजाचे होतात हें पाटीवर मांडून दाखवील. बापास हें बोंचतें. कारण मुलगा उद्धट असतो म्हणून नव्हे, तर बापापाशीं उत्तर नसतें म्हणून. उद्धट मूल प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यास थांबत नाहीं. जिज्ञासु मूल थांबतें. थांबतें म्हणूनच तें अवघड वाटतें.

कित्येक सुशिक्षित लोक विचारशक्तीचें नांव काढतात तें केवळ चांगल्या नोकरीसाठीं. जणूं ती छत्री आहे. कचेरींत जातांना उघडावी, घरीं आल्यावर मिटून कोपऱ्यांत ठेवावी. आमच्या मतें असें होत नाहीं. कचेरींत वकिलासारखें डोकें चालावें आणि घरीं मात्र नंदीबैलासारखी मान डोलवावी, असा मुलगा कोणाच्याच घरीं जन्मास येत नाहीं. मुलाच्या बुद्धीची मिळकत पाहिजे असेल, तर तिची टोंचणीही बापानें सोसली पाहिजे. आणि ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहींतल्या आंकड्यावर मुकाट्यानें अंगठा उठविला, त्या घरांना ही टोंचणी त्या अंगठ्यापेक्षां पुष्कळच स्वस्त पडेल.

करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. पेरणीपूर्वीं घरचें सोयाबीनचें बीं उगवतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवण्याची रीत आमच्या शेतकरी वाचकांस ठाऊक आहेच. हें काम मुलाकडे द्यावें. आधीं त्याला अंदाज करूं द्यावा. तो लिहून ठेवावा. मग आठवडाभरानें त्यानेंच कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले तर नेहमींच्या मापानें पेरतां येतें. साठच निघाले तर एकरीं बीं किती वाढवावें, हा हिशेब त्यालाच घालावा. तो चुकेल. चुकूं द्यावा. लगेच ‘गाढवा’ म्हणून पाटी ओढून घेऊं नये. ‘हें उत्तर तुला कसें मिळालें?’ एवढेंच विचारावें. बहुतेक वेळां सांगतां सांगतांच त्याची चूक त्याला सांपडते. आईबापांस लिहितांवाचतां येत नसलें तरी हा प्रश्न विचारतां येतो.

दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें स्वतःची गोष्टही सांगावी. कांहीं वर्षांपूर्वीं रात्रीच्या वर्गांत आम्ही अपूर्णांक शिकवीत होतों. एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, भागिल्यावर संख्या कमी होते. मग तिनाला अर्ध्यानें भागून सहा कसे आले? वाढले कां?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. उलटा करून गुणावें हा नियम आम्हीं घोकला होता, तो कां हें कधीं कोणास विचारलें नव्हतें. आम्ही म्हणालों, “नियमच तसा आहे. खालीं बैस.” ती बसली, आणि त्यानंतर दोन महिने तिनें कांहीं विचारलें नाहीं. वर्ग शांत झाला याचा आम्हांस तेव्हां संतोष वाटला, हें लिहितांना लाज वाटते.

उत्तर आम्हांस एका म्हाताऱ्या आजीच्या चुलीपाशीं मिळालें. टोपल्यांत तीन भाकऱ्या होत्या आणि जेवणारीं मुलें सहा. आजीनें प्रत्येकाच्या ताटांत अर्धी अर्धी टाकली. तीन भाकऱ्यांत अर्ध्या किती? सहा. भागणें म्हणजे केवळ कमी करणें नव्हे, किती वांटे निघतात तें पाहणें, हें त्या टोपल्यानें आम्हांस शिकविलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत उभें राहून सांगितलें कीं त्या रात्रीं गुरुजींना उत्तर येत नव्हतें म्हणून गुरुजी रागावले. मुलें प्रथम एकमेकांकडे पाहूं लागलीं. ती मुलगी मात्र हंसली नाहीं. तिनें थोडा वेळ विचार केला आणि हात वर करून विचारलें, “मग शून्यानें भागिलें, तर भाकऱ्यांचे वांटे किती होतील?”

आम्हीं तिच्यापाशीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.