पदवी घेतलीत, आता ऐकून घ्या

गाऊन परत द्यायला आलात, तर दहा मिनिटं बसा. मागची कुजबुज बंद. काल पदवीप्रदान समारंभात तुम्ही जे चालवलं होतंत, ते मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून पाहिलं. पाहुण्यांसमोर गप्प बसले. आज बसणार नाही.

खानवेलकडच्या पाड्यावरची ती मुलगी. तिचं नाव पुकारलं आणि तुमच्यातल्या दहाबारा जणांनी हुर्यो केली. कशासाठी? आडनाव ऐकून? तीन वर्षं पहिली बस धरून ती वर्गात वेळेवर हजर असायची, आणि सिल्वासात राहणारे तुम्ही दुसऱ्या तासाला डोळे चोळत यायचात. ती मान खाली घालून पायऱ्या उतरली. तिची आई मागे बसली होती, तिला वाटलं पोरीचं कौतुक चाललंय. ती बाई हसत टाळ्या वाजवत राहिली. हे पाहून तुमच्यातल्या एकाचीही जीभ आवरली नाही?

हे सिल्वासा गाव २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. तोवर इथे पदवीचं शिक्षण देणारं एकही महाविद्यालय नव्हतं. वारली, कोकणा, धोडिया घरांतली पहिली पदवीधर पोरं आजही आपल्या वर्गात असतात. कोणी पुण्याच्या विद्यापीठाची पदवी घेतं, कोणी सुरतच्या. त्या कागदासाठी कुणाचा बाप पिपरियाच्या, कुणाचा मसाटच्या कारखान्यात पाळ्या करतो. काल तो दिवसाचा रोज बुडवून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आणि तुम्ही स्वतःचं नाव झालं की उठून बाहेर फोटो काढायला! शेवटच्या मुलांना पदवी मिळाली तेव्हा सभागृह निम्मं रिकामं होतं. त्यांच्या वाट्याच्या टाळ्या कोणी वाजवायच्या?

आता केक कापताना फवारलात तो फेसाचा डबा. एक माझ्या टेबलावर आहे, उचला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ज्वालाग्राही असं छापलंय, शेजारी ज्योतीचं चित्र आहे. अशा डब्यांत दाब देऊन भरलेला वायू पुष्कळदा ब्यूटेन आणि प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो तोच. काल केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती पेटलेली होती आणि हातभर अंतरावरून दोघं फवारा मारत होते. अंगावर भाड्याचे पॉलिएस्टरचे गाऊन. पॉलिएस्टर पेटलं की नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. काल काही झालं नाही, ते तुमच्या अकलेमुळे नव्हे.

दोन मुलींनी ‘नको’ म्हटलं होतं. मी स्वतः ऐकलं. तरी त्यांच्या तोंडाला फेस फासलात, खांद्यावर हात टाकून व्हिडिओ काढलात आणि रात्री इन्स्टाग्रामवर चढवलात. वर म्हणता, आपल्यातलीच आहे, चालतं. तिला चालत नाही, विषय संपला. तीन वर्षं एका बाकावर बसलात म्हणून तिच्या अंगाला हात लावायचा परवाना मिळत नाही. तो व्हिडिओ इथून उठायच्या आत काढायचा, माझ्यासमोर. आणि त्या दोघींची माफी मागायची. ती त्यांना ऐकायची असेल तरच, त्यांच्या मागे लागून नव्हे.

गटाच्या फोटोसाठी पायऱ्यांवर झुंबड उडवलीत, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात महोत्सव होता. संध्याकाळी पाऊस आला, बाहेरची गर्दी खुल्या नाट्यगृहात घुसली आणि पायऱ्यांवर पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. चार जीव गेले. तिथे कोणी मारामारी केली नव्हती. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, एवढंच पुरलं.

रात्रीचं तर बोलायलाच हवं. आपल्या भोवती गुजरातची दारूबंदी आणि इथे दुकानं उघडी, म्हणून सगळ्या जल्लोषाला बाटलीचीच वाट सापडते. पिऊन तुम्ही मोटरसायकली काढल्यात, सायलेन्सरचे बार काढत सरकारी रुग्णालयासमोरून दोन फेऱ्या मारल्यात. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र असतो, हे पर्यावरणाच्या पेपरात लिहून गुण मिळवलेत ना? आत कुणाची आई ऑक्सिजनवर असेल, कुणाचं बाळ जन्माला येत असेल. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वापीच्या दिशेने हद्द ओलांडलीत की गुजरातचा दारूबंदी कायदा वेगळा लागतो. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीआधी पोलीस ठाण्यात नाव लागलं तर घरी काय सांगणार आहात? पण मला दंडाची काळजी नाही. रस्त्यावरून पाळी सुटून घरी जाणाऱ्या सायकलस्वाराची आहे.

रविवारी दुधनीच्या तलावावर निघालात, हे मला कळलंय. जा, तुमचा हक्क आहे. पण तो तलाव मधुबन धरणाचा फुगवटा आहे. वरून पाणी शांत दिसतं, खाली बुडालेल्या टेकड्यांचे उतार आहेत, गाळ आहे. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल कुठे पडेल, सांगता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेली पुण्याची चौदा मुलंमुली बुडाली, तीही तुमच्याच वयाची होती. तेव्हा पाण्यात कोणी उतरायचं नाही. बोटीत बसाल तर जॅकेट घालून, आणि फोटोसाठी ते काढायचं नाही. गाडी कोण चालवणार, हे निघायच्या आधी ठरवा. त्याने दिवसभर थेंबाला शिवायचं नाही. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचवायचं आणि त्या घरात शिरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

ज्याला हे जमणार नाही त्याने आत्ता हात वर करावा. त्याच्या घरी मी फोन लावते.