बेथलेहेमचे पाणी आणि तंजावरचे ताक

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७



दावीद राजाची एक इच्छा पवित्र शास्त्राने जपून ठेवली आहे. ती राज्याची नाही, विजयाचीही नाही. घोटभर पाण्याची आहे. हंगामाचे, म्हणजे उन्हाचे दिवस होते. दावीद अदुल्लामच्या गुहेजवळ गडावर होता आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते. अशा वेळी त्याला गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी आठवले. आपण येथे 'विहीर' म्हणतो. परंतु मूळ इब्री शब्द 'बोर' हा पुष्कळदा पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यासाठी येतो. साठवणीचेच ते पाणी. पण ते घरचे होते.

घरापासून दूर राहणाऱ्यांना ही तहान समजावून सांगावी लागत नाही. कोकणातला एखादा मनुष्य नोकरीनिमित्त तंजावरला गेला, तर तेथे त्याला फेसाळ, सुवासिक कॉफी मिळते. सोलकढी मात्र सहसा मिळत नाही. कोकमाचे झाड पश्चिम घाटाच्या कुशीतले. कावेरीच्या त्या प्रदेशात आंबटपणासाठी चिंच वापरतात. मग उन्हाळ्यात कोणी त्याच्यापुढे 'नीर मोर' ठेवतो. तमिळ भाषेत 'नीर' म्हणजे पाणी व 'मोर' म्हणजे ताक. पातळ ताकात आले, हिरवी मिरची, कढीलिंब आणि हिंग. पहिल्याच घोटाला तो ओळखतो, 'हा तर आपला मठ्ठा!' भाषांतर करणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. शब्द परका असतो, अर्थ घरचा निघतो.

तेव्हा घरच्या चवीची ओढ लागणे हे पाप आहे काय? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाविदाच्या इच्छेसाठी जे इब्री क्रियापद आले आहे, तेच गणना ११:४ मध्ये रानातल्या लोकांच्या हव्यासासाठी आले आहे. त्यांनाही मिसर देशातले मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवले. शब्द एकच, ओढ एकच. पुढची वाट मात्र निराळी. ते लोक आठवणीपायी समोरचा मान्ना तुच्छ मानून रडत बसले. दाविदाचे तीन वीर मात्र शत्रूच्या छावणीतून घुसून पाणी घेऊन आले, आणि दाविदाला त्या पाण्यात त्यांचे रक्त दिसले. ते त्याने प्राशन केले नाही, परमेश्वरापुढे ओतले.

जिवावर उदार होऊन आणलेले पाणी ओतून टाकणे हा त्या वीरांचा अपमान नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु देवापुढे ओतणे म्हणजे अर्पण करणे. आपल्या एकट्याच्या तहानेसाठी हे फार मोलाचे आहे, असे त्याने मानले. त्या तिघांना याहून मोठा मान कोणता?

तंजावरच्या भूमीतच अशा अर्पणाचे एक उदाहरण आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे स्थापिलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी राहिले. ते १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरले आणि १७९८ मध्ये तंजावरला प्रभूत निजले. मधल्या ४८ वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठी शिकले. हैदर अलीच्या स्वारीच्या काळात उपासमार झाली, तेव्हा त्यांनी अगोदर विकत घेऊन ठेवलेला तांदूळ भुकेल्यांना वाटला. किल्ल्यात धान्य आणण्यासाठी शेतकरी सरकारच्या वचनावर बैल देईनात. ते त्यांनी श्वार्ट्झ यांच्या शब्दावर दिले. त्यांनाही मायदेशाची एखादी चव आठवत असेलच. तरी त्यांनी आपले आयुष्य परक्यांच्या अंगणात ओतले, आणि परके आपले झाले. त्यांनी ज्यांच्यावर पितृवत् माया केली, त्या सरफोजीराजांनी त्यांच्या स्मरणार्थ घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प आजही तेथील चर्चमध्ये आहे.

वाचकहो, दूरदेशी तुम्हांला घरून कोकमाच्या आगळाची बाटली आली, तर ती उघडण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती कोणी भरली, कोणी फडक्यात गुंडाळली, गाडीच्या गर्दीत कोणी सांभाळली? त्यांच्यासाठी देवाचे आभार माना. मग शेजाऱ्याला बोलावून त्याच्याही पेल्यात ओता. आणि त्याने पुढे केलेली कॉफी नाक न मुरडता घ्या.

जे घरीच आहेत, त्यांच्यासाठीही हा पाठ आहे. आपल्या गावच्या रुग्णालयात तमिळनाडूची एखादी परिचारिका असेल, कारखान्यात दूरच्या प्रांताचा कामगार असेल. तुला घरचे काय आठवते, असे आपण त्यांना कधी विचारले आहे काय? बेथलेहेमात जन्मलेला आपला प्रभू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि वधस्तंभावर 'तहान लागली' म्हणतो. त्याच्या नावाने दिलेला थंड पाण्याचा एक प्यालाही व्यर्थ जात नाही, हे त्याचे अभिवचन आहे. या आठवड्यात तो प्याला कोणाच्या हाती द्यावयाचा, हे प्रार्थनापूर्वक ठरवा. आमेन.