चूक पुसावी की राखावी?

चूक सुधारणे म्हणजे ती पुसून टाकणे, की ती तशीच राहू देऊन तिच्यापुढे योग्य ते लिहिणे? प्रश्न जुना आहे. परंतु त्याचा एक नवा दाखला संगणकशास्त्राने आपल्यापुढे ठेविला आहे. डोंबिवली-कल्याणच्या ज्या घरांतील मुलेमुली या विद्येवर उदरनिर्वाह करितात, तेथील वडीलधाऱ्यांनीही तो समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीच्या साऱ्या आवृत्त्या राखणारी ‘गिट’ नावाची व्यवस्था लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली. तिच्या भांडारात चारच प्रकारच्या वस्तू असतात: मजकूर, मजकुरांची यादी, बदलाची नोंद आणि खूणचिठ्ठी. प्रत्येक वस्तूस सामान्यतः चाळीस अक्षरांकांचा ओळखक्रमांक असतो. तो कोणी देत नाही, वस्तूच्या आशयावरूनच गणिताने निघतो. एक स्वल्पविराम बदलला की क्रमांक बदलतो. म्हणजे जुनी वस्तू सुधारत नाही, दुसरी जन्मास येते. शिवाय प्रत्येक नोंदीच्या पोटात तिच्या पूर्वीच्या नोंदीचा क्रमांक असतो. मागे कोणी हात घातला, तर पुढचे सारे क्रमांक पालटतात आणि ज्यांच्यापाशी प्रती आहेत त्यांच्या ते ध्यानात येते. ही हमी निरपवाद नाही. भिन्न मजकुरांचा एकच क्रमांक काढता येतो, हे २०१७ साली संशोधकांनी दाखविले, व त्यावर पुढे बंदोबस्तही झाला.

ही रीत आपणांस अगदीच परकी नाही. ठाणे-कल्याणकडील कित्येक शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. पण तेथील हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या कब्जेदाराचे नाव पुसण्याची वहिवाट नव्हती. त्या नावास कंस होई, नवे नाव खाली येई आणि सोबत फेरफाराचा क्रमांक पडे. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहाची वही उघडली की जमीन खरेदीने गेली की वारसाने, हे कळे. जुने नाव पुसले जाते, तर ज्याच्या हक्कावर घाला पडला त्याच्या हाती तक्रारीपुरताही आधार उरता ना. चूक राखणे हा हट्ट नव्हे. ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी राखलेले ते इमान आहे.

यावर कोणी म्हणेल, अशी निर्दय स्मृती माणसाच्या वाट्यास आली तर तो जगेल कसा? विसाव्या वर्षी केलेला अपराध साठाव्या वर्षीही त्याच्या कपाळी असावा काय? आक्षेप रास्त आहे. पण याच व्यवस्थेतील दुसरी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण ज्याला कामाची शाखा म्हणून नावाने ओळखतो, ते नाव कोणत्याही एका वस्तूस कायमचे चिकटलेले नसते. ते केवळ अखेरच्या नोंदीकडे बोट दाखविते, आणि नवी नोंद झाली की पुढे सरकते. मागचे मागेच असते, शोधणाऱ्यास सापडते, पण नाव तेथे थांबत नाही. ज्या वस्तूपर्यंत कोणत्याच नावावरून पोहोचता येत नाही, ती काही काळाने भांडारातून काढूनही टाकली जाते. ‘लिबगिट-२’ या ग्रंथालयरूपी आज्ञावलीतही भांडारातून वाचलेली वस्तू कोणी वापरीत असेतोवर कार्यस्मृतीत धरिली जाते व वापर सरला की सोडता येते. भांडारातील मूळ मात्र जागीच राहते. सोडून देणे आणि नष्ट करणे ही दोन निराळी कर्मे आहेत.

आमच्या मते नीतीचा प्रश्नही येथेच सुटतो. आपण बहुधा उलट वागतो. सामर्थ्यवानांचे कागद बदलले गेले तरी मौन धरितो, आणि चाळीतील एखाद्या पोराचे नाव मात्र त्याच्या पहिल्या चुकीलाच बांधून ठेवितो. पुढे तो कितीही सरळ चालला तरी ‘तोच ना हा?’ हा प्रश्न त्याच्या लग्नाच्या बैठकीतही येऊन बसतो. वास्तविक नोंद अढळ असावी आणि नाव चालते असावे. घडलेले नाकारण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु माणूस आज जेथे येऊन पोहोचला आहे, तेथून त्यास ओळखले जावे, एवढा अधिकार प्रत्येकाचा आहे.