समाजाची तयारी

आम्ही राहतो त्या शहरातील महाराष्ट्र मंडळात गेल्या गणेशोत्सवात एक परिसंवाद झाला. ‘वेगाने होणाऱ्या बदलांना समाज तयार आहे काय?’ हा विषय होता. वक्ते चौघे होते आणि चौघांनीही निरनिराळ्या वाटांनी येऊन एकच उत्तर दिले, की समाज तयार नाही. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. त्यांत आमच्याही होत्या. घरी परतताना मात्र एक गोष्ट मनास टोचू लागली. सभागृहात बसलेल्या आम्हां सर्वांच्या लेखी समाज म्हणजे सभागृहाबाहेरचे लोक होते. आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर परप्रांतांत सरकारी चाकरी केली. बदलांचे हुकूम काढले, ते खाली पोचविले आणि त्यांच्या अंमलाचे अहवाल लिहिले. तयार नसलेल्या समाजात आपलीही गणना होऊ शकेल, ही शंका आमच्यापैकी कोणास शिवली नाही.

‘समाजाची अजून तयारी नाही’ हे वाक्य मराठी माणसास नवे नाही. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात जे रण माजले, त्याच्या मुळाशी हेच वाक्य होते. मुलीचे संमतिवय दहा वर्षांवरून बारावर नेणे, एवढाच त्या कायद्याचा आवाका. टिळकांचे म्हणणे असे, की सुधारणा परकी सरकारच्या कायद्याने लादली जाऊ नये, लोकशिक्षणाने ती आतून यावी. आगरकर ‘सुधारकां’तून कायद्याच्या बाजूने लढत होते. दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आणि हुकमाने समाज घडविण्याविषयी टिळकांना वाटणारा अविश्वास आम्हांस तरुणपणापेक्षा आज अधिक समजतो, हेही कबूल केले पाहिजे. तरीपण तो वाद वाचताना एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. समाजाची तयारी मोजली जात होती ती घरच्या कर्त्या पुरुषांच्या मनावरून. दहा-अकरा वर्षांच्या मुलीवर जो प्रसंग गुदरत होता त्यास तिची तयारी आहे काय, हा प्रश्न फार थोड्यांना सुचला. आदल्याच वर्षी कलकत्त्यास एका बालवधूचा त्यापायी अंत झाला, म्हणून तरी तो ऐकू आला. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हाही पुणे तयार नव्हतेच. तयारीची वाट पाहत ते बसते, तर ती शाळा केव्हा उघडली असती कोण जाणे!

म्हणजे ‘तयारी नाही’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘ज्यांचे काही जावयाचे आहे त्यांची इच्छा नाही’ एवढाच असतो. यावरून कोणी म्हणेल, की मग तयारीचा विचारच नको. बदल आणावा, समाज आपोआप मागून येईल. नोकरीत असताना आम्हीही असेच म्हणत होतो. परंतु ज्यांचे काही जाईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, अशी माणसे नंतर पाहिली, आणि तो आत्मविश्वास ओसरला.

त्यापूर्वी थोडे नाण्यांविषयी. १ एप्रिल १९५७ रोजी या देशात दशमान नाणी आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया यांचा रुपया त्या दिवशी शंभर नव्या पैशांचा झाला. निरक्षरांनी भरलेल्या देशात याहून मोठी उलथापालथ कोणती? भाजीवालीपासून सावकारापर्यंत प्रत्येकाच्या जिभेवरचा हिशेब बदलावयाचा होता. त्यातून एका आण्याचे नवे पैसे होत सव्वासहा. तो पाव पैसा कोणी सोडावयाचा, यावर दुकानोदुकानी हुज्जत पडे. पण कायदा १९५५ सालीच झालेला होता, कोष्टके छापली गेली होती, आणि मुख्य म्हणजे जुनी व नवी नाणी काही वर्षे एकमेकांच्या शेजारी चालली. ज्यास नवा पैसा उमगला नाही, त्याच्या हातातील आणा खोटा ठरला नाही. ‘नवा’ हे विशेषण पैशापुढून गळाले ते १९६४ साली, आणि पंचवीस पैशांचे नाणे तर २०११च्या जूनअखेरपर्यंत चलनात होते. आमच्या मातोश्री अखेरपर्यंत त्यास पावलीच म्हणत आणि एखादी गोष्ट सोळा आणे खरी असल्याचे सांगत. बदल पुरा झाला, पण कोणी उपाशी राहिला नाही.

आता आम्ही पाहिलेली माणसे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. पुढे काही वर्षांतच शिधावाटपाच्या दुकानात बोटांचे ठसे ओळखणारे यंत्र आले. त्याचा हेतू वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खोट्या शिधापत्रिका आणि मधल्या मध्ये नाहीसे होणारे धान्य यांवर आम्ही स्वतः किती कागद काळे केले, याची गणती नाही. पुढे याच व्यवस्थेच्या आधारे ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०२२पर्यंत सर्व राज्यांत पोचली आणि गाव सोडून मजुरीस गेलेल्या माणसास परमुलखात धान्य मिळण्याची सोय झाली. हा लाभ लहान नव्हे.

छोटा नागपूरच्या पठारावरील एका जिल्ह्यात आम्ही २०१८च्या आरंभी तपासणीस गेलो होतो. दुकानापुढील रांगेत एक म्हातारी उभी होती. तिची शिधापत्रिका अंत्योदयाची, म्हणजे महिन्यास पस्तीस किलो धान्याची. तिने अंगठा यंत्रावर टेकविला. यंत्राने नकार दिला. तिने तो पदरास पुसला, साबण लावून धुतला, मग एकामागून एक दहाही बोटे टेकवून पाहिली. जन्मभर दगडमाती वाहिलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. “घिस गया, बाबू,” ती आमच्याकडे पाहून म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. चूक तिचीच असावी, असा तो स्वर होता.

अंगठा जुळला नाही तरी धान्य नाकारू नये, अपवाद म्हणून वहीत नोंद करून ते द्यावे, असा हुकूम तोपर्यंत निघालेला होता. आम्ही वही मागविली. वही कोरी होती. दुकानदार म्हणाला, अपवाद पडतच नाहीत. आम्ही म्हातारीस धान्य देवविले, वहीवर ‘तपासली’ असे लिहून सही केली आणि मोटारीत बसलो. अहवालात आम्ही लिहिले, की यंत्रणा समाधानकारकपणे चालते. अल्प प्रमाणात ठसे जुळत नाहीत. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. परंतु ते अल्प प्रमाण पावसाच्या सरीसारखे सर्वांवर सारखे पडत नाही. या महिन्यात एकावर, पुढील महिन्यात दुसऱ्यावर, असे ते फिरत नाही. दर महिन्यास ते त्याच माणसांवर पडते: म्हाताऱ्यांवर, खाणीत राबणाऱ्यांवर, आजाऱ्यांवर. टक्केवारीला चेहरा नसल्यामुळे तीच म्हातारी पुन्हापुन्हा मोजली जात आहे, हे तिला कळत नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आधारच्या निकालात, ठसा न जुळल्यामुळे कोणी लाभास वंचित होऊ नये, असे बजावले.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, “मग ती भाजीवाली? २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय सोय निघाली, आणि आज तिच्या टोपलीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला आहे. तिची तयारी कोणी केली होती?” आक्षेप बिनतोड आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आठ तारखेच्या रात्री आठ वाजता पाचशे-हजारांच्या नोटा मध्यरात्रीपासून रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि त्या धक्क्याने पुष्कळांस त्या कागदाकडे ढकलले, हे खरे; तरी सगळे श्रेय धक्क्यास देता येत नाही. भाजीवाली ते सहज शिकली. परंतु आमच्या मोबाईलमधून पैसे गेले नाहीत, तर आम्ही खिशातून नोट काढतो आणि ती भाजी देते. तिच्या नव्या वाटेशेजारी जुनी वाट मोकळी आहे. म्हातारीची जुनी वाट यंत्र आले त्या दिवशीच बुजविली गेली, आणि वहीच्या रूपाने जी राखून ठेवली होती ती कोणी उघडलीच नाही. दोघीही सारख्याच अशिक्षित असतील. त्यांच्या तयारीत फरक आहे, असे आम्हांस वाटत नाही.

निवृत्तीपूर्वी, २०१९ साली, आम्ही त्या दुकानावर पुन्हा एकदा गेलो. रांग तशीच होती. यंत्र नवे आले होते. आम्ही वही मागविली. पहिल्या पानावर ‘तपासली’ हा शब्द आणि त्याखाली आमची सही होती. पुढची पाने कोरी होती. म्हातारी त्या दिवशी रांगेत दिसली नाही. ती कोठे आहे, हे आम्ही विचारले नाही.